एक जिना खाली

"अहो, तुमचं दूध करपतंय."

त्याच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यात प्रेम वगैरे काही नव्हतं, नुसतं निरीक्षण होतं. मी मावशीच्या घराच्या जिन्याशी उभी होते. दोन्ही हातांत खोका, खोक्यात माझा मग, पांढरा ॲप्रन आणि ऑफिसच्या टेबलावरची निवडुंगाची कुंडी. नोकरी गेलेल्या माणसाचा सगळा संसार एका खोक्यात मावतो, हे मला त्याच दुपारी कळलं होतं. आणि तो जिन्याखालच्या दुकानाच्या दारात, एक डोळा मिटून, व्हायोलिनच्या पोटात टॉर्च मारून बघत होता.

"दूध?" त्याने मिटलेला डोळा उघडला. "इथे व्हायोलिनं दुरुस्त होतात. दूध चौकात मिळतं."

"मिळेल हो. पण करपतंय ते तुमच्या मागच्या खोलीत."

तो माझ्याकडे बघत राहिला... मग एकदम "अरे देवा!" म्हणून आत पळाला. भांडं आपटल्याचा आवाज आला, मग नळाचा, मग चरचर. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काळंठिक्कर पातेलं होतं आणि चेहऱ्यावर शाळेत पकडलेल्या मुलाचं हसू.

"मी एवढा जवळ होतो, मला नाही आला वास. तुम्ही काय पोलिसांच्या श्वानपथकात आहात?"

"साबणाच्या कंपनीत होते. वास घेण्याचं काम करायचे."

"पगार घेऊन?"

"आज सकाळपर्यंत."

तो हसायचा थांबला. त्याने पातेलं खाली ठेवलं, माझ्या हातातला खोका घेतला आणि जिना चढायला लागला. वरून मावशी ओरडली, "व्हायोलिनवाल्या, कुंडी सरळ धर रे! माती सांडलीस तर झाडून घ्यायला लावीन."

मावशी निवृत्त परिचारिका. तिचा आवाज अजूनही एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात जाईल असा.

तर काय झालं होतं, की आमची कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली. त्यांच्याकडे वास तपासणारी माणसं आधीच होती. एकाच घरात दोन नाकं कशाला? आम्हाला एकेकाला आत बोलावून सांगण्यात आलं, की तुमचं काम उत्कृष्ट आहे. ते इतक्या वेळा सांगितलं, की तेव्हाच मला संशय आला.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. वर्गात माझ्यापेक्षा हुशार पुष्कळ होते. पण एकदा प्रयोगशाळेत कुणाच्या तरी बाटलीची चिठ्ठी निघाली आणि मी नुसत्या वासावरून सांगितलं, आत काय आहे. त्या दिवसापासून मला माहीत होतं, की एक गोष्ट मला इतरांपेक्षा चांगली येते. एकच. ती हातची जाऊ द्यायची नव्हती.

बाबांचं म्हणणं सरळ होतं. "काकाच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची जागा आहे. पावसाळा संपेपर्यंत शोध तुझं काय ते. नाहीतर घरी ये."

सहायक म्हणजे रसायनांच्या कपाटाची किल्ली सांभाळायची आणि मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्या मोजायच्या. कामात कमीपणा काही नाही. पण तिथे माझ्या नाकाचा उपयोग फक्त चष्मा ठेवायला.

मी अर्ज करत सुटले. एका ठिकाणी म्हणाले, आता यंत्र आहे, यंत्राला सर्दी होत नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, वासाचं राहू द्या, विक्रीत या, तुमचा चेहरा बोलका आहे.

"बोलका आहे म्हणे!" मावशी फणकारली. "काय ऐकू आलं ते विचारायचं होतंस त्याला."

आणि रोज, जाताना-येताना, जिन्याखाली तो. आधी नुसती मान हलवायचा. मग विचारायला लागला, "काय म्हणतंय आजचं नाक?" मग मीच दारात थांबायला लागले. जरा वेळ. म्हणजे मला तो जराच वाटायचा. मावशीच्या घड्याळात तो वेगळा असावा.

"तुमच्या दुकानाला केवढा वास आहे," मी एकदा म्हणाले.

"वास? कसला? मला तर काहीच येत नाही."

"राळेचा. टर्पेंटाइनचा. आणि तुम्ही पॉलिशमध्ये लवंगेचं तेल घालता."

तो चकित. "हे कुणाला सांगत नाही मी. वडिलांची कृती आहे ती!"

"नाक कुणाचं गुपित ठेवत नाही. तुम्ही रोज इथेच असता, म्हणून तुम्हाला येत नाही. जो वास सतत असतो तो नाक कळवायचंच बंद करतं. मेंदू म्हणतो, हे घरचंच आहे, याची काय वर्दी द्यायची?"

"अच्छा..." त्याने व्हायोलिनच्या गजावर राळ घासता घासता माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे सवयीची माणसं दिसत नाहीत, तसं."

"दिसण्याचं मला माहीत नाही. माझा विषय नाक."

"नाकावर माशी बसू देत नाही तुम्ही."

"बसलीच तर कुठून आली ते सांगू शकते."

तो खळखळून हसला. मला उगीचच वाटलं, आजचा दिवस फार वाया नाही गेला.

मग एक पत्र आलं. एका जुन्या, बऱ्यापैकी मोठ्या कारखान्याला वास तपासणारं माणूस हवं होतं. साबण, आणि फरशी पुसायचं ते हिरवं, पाइनच्या वासाचं द्रव. मुलाखतीत प्रत्यक्ष चाचणी होती. तीन कागदी पट्ट्या देतात. दोन पट्ट्यांवर एकच वास, तिसरीवर किंचित निराळा. निराळी कोणती ते सांगायचं. असे बरेच संच. 'माहीत नाही' म्हणायला परवानगी नाही.

याचा सराव एकट्याने होत नाही. पट्ट्या दुसऱ्या कुणीतरी तयार कराव्या लागतात, आणि ते माणूस चेहऱ्यावरून फुटता कामा नये. मावशी पहिल्याच संचाला म्हणाली, "अगं, ती नाही, ती बाजूची!"

म्हणून मी एक जिना खाली गेले.

"हे लग्न ठरवण्यासारखंच झालं की," त्याने पट्ट्या निरखून पाहत म्हटलं. "तीन स्थळं. दोन सारखी, एक निराळं."

"तुम्हाला अनुभव दिसतोय."

"माझ्या आईला आहे. तिच्या मते तिन्ही सारखीच असतात, निराळा फक्त मी."

रोज संध्याकाळी तो काम आवरायचा, हात धुवायचा आणि माझ्याकडे पाठ करून पट्ट्या तेलांत बुडवायचा. लिंबू, गुलाब, वाळा, चंदन. पाइनची कुपी मी उघडलीच नाही. तो वास म्हणजे काय, लहान मूलसुद्धा डोळे मिटून ओळखेल! त्यावर कशाला वेळ घालवायचा?

"पट्टी टोकाला धरा," मी ओरडायचे. "बोटांची राळ लागेल."

"बोटं धुतलीत."

"दाखवा."

तो हात पुढे करायचा. लांब बोटं, टोकांना तारांनी पडलेले घट्टे, अंगठ्यावर पॉलिशचा तपकिरी डाग. मी तपासायचे... जितकं तपासायला हवं त्यापेक्षा किंचित जास्त वेळ. त्यानेही हात कधी घाईने मागे घेतला नाही.

एकदा मी पट्ट्या घेऊन बसले ते बसलेच. पहिली, दुसरी, तिसरी, पुन्हा पहिली. काही केल्या उत्तर सापडेना. मान वर केली तर तो ओठ दाबून हसू आवरत होता.

"तिन्ही सारख्याच आहेत!"

"हो."

"हे नियमात बसत नाही. का केलंत असं?"

"तू विचार करताना कपाळावर एक आठी येते, मधोमध. ती बघायची होती अजून थोडा वेळ." बोलून गेला आणि त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... तुम्ही."

"राहू दे," मी पट्ट्या गोळा करत म्हणाले. "तूच बरं आहे."

त्या रात्री मावशीने ताट वाढताना नुसतं विचारलं, "सराव कसा चाललाय?" आणि मी "छान" म्हटल्यावर ती इतकी गप्प राहिली, की त्यापेक्षा ती बोलली असती तर परवडलं असतं.

चाचणीच्या खोलीत पांढऱ्या भिंती होत्या आणि कसलाच वास नव्हता. समोर परीक्षक मॅडम. पिकलेले आखूड केस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. एकेक संच येत होता, मी सांगत होते, त्या कागदावर खूण करत होत्या. त्यांच्या पेन्सिलीच्या आवाजावरून मला कळत होतं, की गाडी रुळावर आहे. बाबांना फोनवर काय सांगायचं ते वाक्यही मी मनात तयार केलं.

मग शेवटचा संच आला.

पहिली. दुसरी. तिसरी. मला वाटलं, मॅडमनाही कुणीतरी तीन सारख्या पट्ट्या देऊन ठेवल्या. तिन्हींवर एक पुसटसा, स्वच्छ, कागदासारखा वास. निराळं काही नाही. पण उत्तर तर द्यायला हवं. मी मधली उचलली.

पेन्सिल थांबली.

मॅडमनी डावीकडची पट्टी स्वतः नाकाजवळ नेली आणि लगेच लांब केली. "हिच्यावर दुप्पट पाइन आहे. आमचा शिपाई दारातून सांगतो." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घरात कुणी सुतार आहे?"

"नाही."

"रंगारी?"

"नाही... खाली एक व्हायोलिन दुरुस्तीचं दुकान आहे."

"राळ, टर्पेंटाइन. दोन्ही पाइनच्याच डिंकातून येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको." नकोच होतं. "पण खालच्या दुकानाने एवढं होत नाही. तुम्ही त्या दुकानात बसता?"

"सराव करायला."

"कसला?"

"...या चाचणीचा."

मॅडमनी खोकल्यासारखं काहीतरी केलं. ते हसू होतं हे मला नंतर कळलं. "बाकीचे सगळे संच तुम्ही बरोबर सांगितलेत. असं मी सहसा बघत नाही. म्हणून पुन्हा बोलावते, पंधरवड्याने. तोवर त्या दुकानाच्या वाऱ्यालाही उभ्या राहू नका. पाइन हे आमचं अर्धं काम आहे."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," मावशी म्हणाली. पण माझी बॅग तिनेच भरली. शहराच्या दुसऱ्या टोकाला माझी मैत्रीण राहत होती, तिच्याकडे जायचं ठरलं. घरात राहून उपयोग नव्हता, पडद्यांपर्यंत राळ पोचलेली.

त्याला सांगायला मी दारातच उभी राहिले, नाकावर ओढणी धरून. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे मला टाळायचं."

"तुला नाही. राळेला."

"आम्ही दोघं एकत्रच राहतो." हसला, पण डोळ्यांपर्यंत नाही पोचलं ते. "जा तू. आणि जिंकून ये."

फोनला वास नसतो, हे किती बरं आहे! तो रोज फोन करायचा. दुरुस्त झालेलं व्हायोलिन टेबलावर फोन ठेवून वाजवून दाखवायचा. मी वासाबद्दल बोलायचे, तो आवाजाबद्दल. आणि रोज सकाळी उठल्यावर मी पाइनची कुपी उघडून बघायचे. पहिले काही दिवस काहीच नाही. मग खूप लांबून, भिंतीपलीकडून यावं तसं, थोडंसं. नाक परत येत होतं. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो होतही होता. पण त्याबरोबर एक विचारही आला, की नाक परत येतंय म्हणजे त्याची सवय सुटतेय.

एका रविवारी त्याचा फोन आला. "खिडकीशी ये."

समोरच्या फुटपाथवर, बंद औषध-दुकानाच्या छपराखाली तो उभा होता. पाऊस भुरभुरत होता. तो एक ओलं बोट हवेत धरून गंभीरपणे काहीतरी तपासत होता.

"काय करतोयस?"

"वारा कुठून कुठे आहे ते बघतोय. तुझ्याकडून माझ्याकडे. म्हणजे उभं राहायला हरकत नाही."

मी खाली उतरले आणि रस्त्याच्या या कडेला उभी राहिले. मध्ये रस्ता, दोघांच्या कानाला फोन. येणारे-जाणारे आम्हाला वेडे समजत असणार.

"शर्ट नवा आहे," तो म्हणाला. "डोक्याला दोनदा साबण लावलाय."

"कुठला साबण?"

"बघ, धंदा सुटत नाही!" मग जरा थांबला. "मी एक ठरवलंय. तुला नोकरी मिळाली, की मी दुकान हलवतो. लांब. नाहीतर हे कामच बदलतो. पियानो जुळवायला शिकतो."

"पियानोलाही पॉलिश असतं."

"मग बासरी."

मला हसू आलं, आणि लगेच गेलं. तो थट्टा करत नव्हता. मला त्याची ती बोटं दिसली, टोकांना घट्टे पडलेली. या माणसाला व्हायोलिनच्या पोटात बघताना मी पाहिलं होतं, एक डोळा मिटून, श्वास धरून.

"वेडा आहेस का? वडिलांचं काम आहे ते. तुझं आहे."

"आणि नाकाचं काम तुझं आहे. दोन्ही एका घरात नांदत नसतील, तर कुणीतरी..."

"पण तू का? तू एवढं का करणार माझ्यासाठी?"

फोनमध्ये नुसता पाऊस ऐकू आला. मग तो हळूच म्हणाला, "तुझ्या चाचणीत 'माहीत नाही' म्हणायला परवानगी नाही ना? मग सांग की, का ते."

एक बस आली आणि आमच्या मध्ये थांबली. मी तोंड उघडलं होतं, पण बस गेली तेव्हा माझं धैर्यही तिच्यात बसून गेलं होतं. तो छपराबाहेर येऊन भिजत उभा होता. मी एवढंच म्हणाले, "आधी चाचणी होऊ दे."

तीच पांढरी खोली. या वेळी मॅडमनी पाइनचे संच सुरुवातीलाच ठेवले. पहिली पट्टी, काही खास नाही. दुसरी, तशीच. तिसरी नाकाशी नेली, आणि...

दुकान आलं. सगळंच्या सगळं. लाकडाचा भुसा, दिव्याखाली तापलेलं पॉलिश, खिळ्याला टांगलेली मुकी व्हायोलिनं, आणि त्यांच्या मध्ये मान वाकवून बसलेला तो. इतका मोठा वास होता हा? इतका मोठा वास मी रोज छातीत भरून घेत होते आणि मला पत्ताच नव्हता? डोळ्यांत पाणी आलं.

"येत नाही का?" मॅडमनी विचारलं.

"येतोय," मी म्हणाले. "ही. दुप्पट."

पुढचे संचही बरोबर आले. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "छान. सोमवारपासून या."

हेच वाक्य मला हवं होतं. आभार मानून उठायचं, बाहेर जाऊन बाबांना फोन करायचा, बस. पण खुर्चीतून उठवेना.

"मॅडम, एक सांगायला हवं. हा वास मला पुन्हा येईनासा होणार आहे. लवकरच."

"का? ती जागा सोडली नाहीत का?"

"सोडणार नाही. उलट... आणखी जवळ जाणार आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही नोकरी मागायला आलात की लग्नाचं आमंत्रण द्यायला?"

"त्याला अजून काही सांगितलेलं नाही."

"म्हणजे त्याच्या आधी मला कळलं?"

"...हो."

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, गेली. हातातोंडाशी आलेला घास मी स्वतःच्या हाताने खाली टाकला. कपाटाची किल्ली, फुटक्या परीक्षानळ्या... सगळं डोळ्यांपुढे आलं. तरी आश्चर्य म्हणजे, बोललेलं परत घ्यावंसं वाटलं नाही.

"माझे यजमान बेकरी चालवतात," मॅडम अखेर म्हणाल्या. "मला व्हॅनिला कळत नाही. अजिबात. म्हणून तो इथे दुसरं कुणीतरी तपासतं. कुठल्या वासाला नाक चालत नाही ते आधी सांगणारं माणूस मला चालतं. न सांगणाऱ्याने घोटाळे होतात." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "पाइन मी बघेन. तुम्ही साबणाकडे या. पण आधी सहा महिने उमेदवारी, लाड नाहीत. आणि त्या मुलाला सांगा लवकर. हे असं कारखान्याला आधी कळणं बरं दिसत नाही."

बस मला फार हळू चालली असं वाटलं. जिन्याशी पोचले तेव्हा संध्याकाळचं ऊन दुकानात तिरपं शिरलं होतं. मी दारात थांबले आणि खोल श्वास घेतला. सगळं जागच्या जागी होतं. राळ, टर्पेंटाइन, चोरून घातलेली लवंग. आणि त्या सगळ्याच्या तळाशी आणखी एक वास, जो मी कधी वेगळा ओळखलाच नव्हता. धुतलेल्या सुती शर्टाचा, मानेवरच्या उन्हाचा. त्याचा.

तो चटकन उठला. "मिळाली?"

"मिळाली. साबणात."

"आणि पाइन?"

"पाइन मॅडम बघणार. मी सांगितलं त्यांना, की मला तो येणार नाही म्हणून."

"पण तुला तर आता यायला लागलाय..." तो गोंधळला. मग गोंधळ हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरून उतरला आणि कान लाल होत गेले. "आत ये ना. दारात का उभी?"

"थांब. घेऊ दे जरा पोटभर. पुन्हा असा नाही यायचा."

"किती दिवस येईल?"

"रोज आले तर... थोडेच."

"आणि मग?"

"मग काही नाही. मग मी घरचीच."

टेबलावर राळेची डबी उघडी पडली होती. त्याने ती उचलली आणि अगदी काळजीपूर्वक झाकण लावायला लागला. "मग सावकाश होऊ दे," तो म्हणाला. "मला घाई नाही."

"उघडीच राहू दे," मी म्हणाले, आणि आत गेले.